टोचनाचा दांडा

१४ सप्टेंबर, रविवार
महेशचा ओठ फुटला, बाकी धड आहे. तेलगावकडून जीप दोराने पिकअपला बांधून आणत होता. पिकअप त्याचा मित्र चालवत होता, हा मागे जीपच्या स्टेअरिंगवर. पुढे म्हैस आडवी आली. पिकअप थांबली, जीप कशाला थांबते. मागून जाऊन आदळली. धाकटे बंधुराज तोंडाला रुमाल लावून हसत घरी आले. घाम मला फुटला. वेल्डिंगच्या दुकानाचं शटर ओढलं तर कुलूप लागेना, इतके हात कापत होते.
सौ. म्हणाली, "लागलं त्यांना आन् कापताय तुमी."
खरं आहे. भ्यायला मला स्वतःचं काही लागत नाही.

१५ सप्टेंबर
जीप म्हणजे काय ते एकदा लिहून टाकतो, तेवढाच राग निघेल. भंगारातून आणलेली, चारी चाकं ओढणारी. महेशने तिला ट्रॅक्टरला शोभतील अशी चाकं बसवली. चिखलात जाते, नाल्यात उतरते, डोंगरावर चढते. फक्त रस्त्यावर चालत नाही. जरा वेग घेतला की थरथरते आणि तापते. म्हणून मजा जिथे करायची तिथपर्यंत तिला दुसऱ्या गाडीमागे टोचन करून, बांधून ओढत न्यायचं! दसऱ्यानंतर अंबाजोगाईच्या डोंगरात असल्या शहाण्यांचा मेळा भरणार आहे. वाटेत धारूरचा घाट. हा पुन्हा दोरानेच निघणार होता.
मी म्हणालो, दोर नाही.
"मग तुमीच करा की आण्णा कायतरी. ट्रॉल्या करता, गेट करता, एक दांडा न्हाई व्हायचा?"
झोंबलं. हो म्हणून बसलो.

१७ सप्टेंबर
मराठवाडा मुक्तिदिन म्हणून सकाळी शाळेत झेंड्याला जाऊन आलो. मग दुकानाच्या फरशीवर खडूने दांडा काढला. दोन पाय जीपच्या बंपरला, पुढे जुळून एक नाक, नाकात पिन, पिन पिकअपच्या हुकात. दोर नुसता ओढतो. दांडा ओढतो आणि अडवतोसुद्धा, मागची गाडी पुढचीवर येऊ देत नाही. समजायला सोपं आहे. म्हणूनच भीती वाटते. सोप्या कामात माणूस चुकतो.
पाऊस हटत नाही. सोयाबीन पाण्यात आहे लोकांचं. गिऱ्हाईक नाही, त्यामुळे वेळ आहे.

२१ सप्टेंबर, रविवार
जुन्या ट्रॉलीचं लोखंडी चॅनल काढलं, जाड आहे. प्लेट नवीन घेतली. महेश म्हणाला लई जाड झालं. मी म्हणालो तुझा ओठ विचार.
इतकी वर्षं जाळ्या, शटर, गेट करतोय. खिडकीची जाळी तुटली तर चोर आत येतो. हे तुटलं तर

पुढे लिहवत नाही.

२६ सप्टेंबर
सगळं टाक्यांवर उभं केलं. आमची पद्धत तीच. आधी चार-दोन टाके मारून आकार धरायचा, गाडीला लावून बघायचं, मापात बसलं की मग पक्कं वेल्डिंग. मापात बसलं. मी आत पाणी प्यायला गेलो तेवढ्यात या शहाण्याने नुसत्या टाक्यांवरच जीप ओढून मैदानात दोन चकरा मारल्या. बाहेर येऊन बघतो तर हा हॉर्न वाजवतोय. इतका ओरडलो की समोरचा पानवाला उठून उभा राहिला.
"तुटला का? न्हाई ना तुटला? मग?"
"टाका हाय तो बे! टाका म्हंजे नुस्तं धरून ठेवलेलं!"
तुटला नाही हे खरं. पण तुटला नाही याचंच मला भ्या वाटलं. त्याला आता वाटणार की टाकासुद्धा पुरतो.

२८ सप्टेंबर
प्राजक्ता आली सुट्टीला. अंबाजोगाईला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दांड्याला लाथ मारून म्हणाली, "पप्पा, हत्तीला बांधायचंय का?" बरं वाटलं. परत जाताना काकाच्याच गाडीत जाणार म्हणे. एसटीपेक्षा बरंच, सामान आहे.

३० सप्टेंबर, अष्टमी
दिवसभर वेल्डिंग. नाक झालं, उजवा पाय झाला. संध्याकाळी लाईटने छळलं. यायची, जायची, परत यायची. मी होल्डर हातात धरून अंधारात बसून. सौ. दारात उभी, हत्यारं पुसायला मागत होती. उद्या खंडेनवमी.
डोळे चुरचुरतायत. थकलो.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
पूजा छान झाली. मशीन, होल्डर, ग्राइंडर, घण, पाने, सगळं पाटावर. मशीनला विभूतीचे पट्टे मी ओढले, झेंडू सौ.ने वाहिला. दांडा नागडा दिसत होता, म्हणून सकाळी लवकर त्याला रेड ऑक्साईड मारलं, दोन हात. एकदा पूजा मांडली की हत्याराला हात लावायचा नाही, पण ब्रश हत्यारात मोडत नाही असं सौ.ने ठरवलं. वाळल्यावर पिवळ्या रंगाने दुकानाचं नाव आणि मोबाईल नंबर टाकला, ट्रॉलीवर टाकतो तसा. मग दांडाही पाटाशेजारी ठेवला, हळदकुंकू, हार. सगळ्यांनी पाया पडून घेतलं. महेशसुद्धा पडला, जो देवाच्या पाया पडत नाही.
लाल दांडा, पिवळी अक्षरं. देखणा झाला. स्वतःच्या कामाकडे असं बघत बसू नये, पण बसलो.

२ ऑक्टोबर, दसरा
सोनं वाटलं. महेशने जीपलाही आपट्याची डहाळी बांधली. आज कामाचं काही नाही. पोळ्या जास्त झाल्या.

३ ऑक्टोबर, शुक्रवार
सकाळी निघाले. हार दांड्यावर तसाच, वर लिंबू-मिरची. महेश आणि मित्र पिकअपमध्ये, प्राजक्ता त्यांच्यामध्ये, पिशव्या मागे. जीप रिकामी. पिन मी स्वतः बसवली, दोनदा हलवून बघितली. दांड्याच्या पाया पडलो. वेड लागल्यासारखं होतं ते, पण पडलो.

दहाच्या सुमारास मोबाईलवर प्राजक्ताचा फोटो. जीपच्या स्टेअरिंगवर बसलीय, पाय वर, ओढणी वाऱ्यावर. खाली लिहिलंय, 'पप्पा बघा मी ड्रायव्हर. घाट लागला.' डोकंच फिरलं. तिला जीपमध्ये बसू कुणी दिलं? फोन लावला. लागत नाही. घाटात रेंज नसते.

मन रमवायला दसऱ्यानंतरचं पहिलं काम धरलं, एका गिऱ्हाइकाची जाळी. टाके मारून आकार धरला. पक्कं करायला रॉड लावला आणि लाईट गेली. होल्डर हातात धरून बसलो.
आणि तसाच बसून राहिलो.
अष्टमीला असाच बसलो होतो. डाव्या पायाचा सांधा, जिथे चॅनल प्लेटला बसतं. त्याला फक्त टाके होते. लाईट गेली. आली. मग मी तो सांधा पक्का केला की नाही?
आठवत नाही. देवाशपथ आठवत नाही. लाईट आली हे आठवतं, सौ.ची हाक आठवते, मशीन पुसल्याचं आठवतं. मधलं नाही. नवमीला सकाळी रंग मारला तेव्हा सांधा बघितला असणारच. पण तेव्हा मी काम बघत नव्हतो, पूजेचं सामान बघत होतो. रंग मारला, हार घातला, सगळे पाया पडले. झालेलंच काम असल्यासारखं.
पोर जीपमध्ये बसलीय.

महेशला फोन. प्राजक्ताला फोन. परत महेशला. सौ.ला सांगायची हिंमत झाली नाही. तिला तोंडावरूनच कळलं. सांगितलं तेव्हा ती ओरडली नाही. देवघरासमोर जाऊन बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

मोटारसायकल काढली, तेलगावपर्यंत गेलो असेन, फोन वाजला. प्राजक्ता. "पोचले पप्पा. होस्टेलला हाय. तुमचे इतके मिस्ड कॉल कावून?" रस्त्याच्या कडेला गाडी लावली आणि रडलो. एक आजोबा शेळ्या घेऊन चालले होते, ते थांबले, मग शेळ्या हाकत पुढे गेले.
संध्याकाळी महेश लागला. मागे गाण्याचा धिंगाणा. म्हणालो, डाव्या बाजूचा सांधा चाकूने खरवडून बघ, रंगाखाली काय आहे. वेल्डिंगची जाड रेघ दिसली तर ठीक. नुसते ठिपके दिसले तर दांड्याला हात लावू नको, मी येतो.
"बरं बरं, बघतो." आणि बंद.

४ ऑक्टोबर, शनिवार
महेश फोन उचलत नाही. डोंगरात असेल.
बसवत नव्हतं म्हणून चॅनलचे तुकडे कापले, प्लेटला नुसते टाके मारले, तसेच, आणि घण घेतला. पहिला तुकडा पहिल्याच घणाला उडाला, पार भिंतीला लागला. दुसरा काही केल्या तुटेना, माझा खांदा गेला. तिसरा वाकला, तुटला नाही.
यातून काय समजायचं? मुका मार दिला आणि मुकं उत्तर मिळालं. चढताना तुटला नाही म्हणजे उतरताना तुटणार नाही असं थोडंच आहे. चढताना सांधा ताणला जातो. उतरताना मागची गाडी सगळं वजन घेऊन त्यावर येते आणि वळणावर पिळते.

५ ऑक्टोबर, रविवार
महेश आला. जीप स्वतःच्या इंजिनावर, रडतखडत, पिकअप मागून. चिखलाने माखलेला, खूश. मी आधी जीपच्या पुढे बघितलं. दांडा नाही.
"दिला की. गेवराईकडच्या एकाची गाडी डोंगरात बसली, गिअरबॉक्स गेला. त्येला न्यायला काय न्हवतं. सगळ्यांनी फोटू काढले आण्णा तुमच्या दांड्याचे!"
"खरवडून बघितलास?"
"आता हार घातलेला, लोक बघायलेत, आन् मी चाकूनं खरवडू व्हय?"
मग मी त्याला सगळं सांगितलं. लाईट, टाके, रंग. त्याचं तोंड उतरत गेलं. ओठावरचा व्रण अजून आहे, त्यावरून जीभ फिरवत राहिला. शेवटी म्हणाला, "प्राजू जीपमधी होती की वो."
हो. होती.
त्या गेवराईच्या माणसाचा नंबर त्याच्याकडे नव्हता. कुणाकुणाला विचारून मिळवतो म्हणाला. कुणी मागितलं तर आपल्याकडे नाही म्हणायची पद्धत नाही, आणि कुणाला दिलं हे विचारायचीही नाही.

६ ऑक्टोबर, कोजागिरी
नंबर मिळाला. गेवराईचा माणूस फारच गोड बोलला. "एक नंबर दांडा हाय तुमचा! गाडी अशी आली मागं, शेळीवानी. मांजरसुंब्याचा उतार आला तरी डुलली न्हाई."
मी म्हणालो, दांडा तिथंच ठेवा, मी न्यायला येतो.
"मेव्हण्याला दिला की. त्येची जीप बंद पडली व्हती. धारूरला घेऊन गेलाय. त्येला मी सांगितलंय, दिंद्रुडला दुकान हाय, नंबर दांड्यावरच हाय, नेऊन दे म्हणून."
मेव्हण्याचा फोन बंद.
मी त्या गोड माणसाला कारण सांगितलं नाही. जिभेवर आलं होतं. नुसतं म्हणालो, जरा काम राहिलंय त्याचं. काम राहिलंय! इतकी वर्षं या गावात नाव आहे, शटर जाम झालं तरी लोक मलाच बोलावतात. तोंडातून 'कच्चं' हा शब्द निघेना.
दूध आटवलं होतं. माझा पेला तसाच राहिला.

७ ऑक्टोबर
लिहितो, कारण कुणाला बोलता येत नाही. काल जरा झोप लागली. सकाळी उठून विचार केला, झोप का लागली. कारण प्राजक्ता आता होस्टेलला आहे. दांड्यामागे आता जो असेल तो माझा कुणी नाही. म्हणून लागली. लाज वाटली स्वतःची. त्या मेव्हण्यालाही पोरगी असेल, तीही म्हणेल मी बसते मागे, मजा येईल.
फोन बंदच आहे. महेश मोटारसायकलने धारूरला जाऊन आला. पत्ता अर्धवट. घर सापडलं तर कुलूप. शेजारी म्हणाले, शेतावर असतील, नाहीतर लातूरला.

८ ऑक्टोबर
अनोळखी नंबर आला की पहिल्या रिंगलाच उचलतो. आज तीन आले. एक कर्ज हवंय का म्हणून. दोघांना दांडा हवाय. एकाने विचारलं, "फोटूतला हार पण देता का?" हसला. मीही हसलो. फोन ठेवल्यावर घाम पुसला.
सौ.ला म्हणालो, तो नंबर कशाला टाकला मी दांड्यावर. उद्या काही झालं तर सरळ माझ्या दारात.
ती पीठ मळत होती. म्हणाली, "नंबर हाय म्हणून तर त्यो माणूस फोन करल. नंबर नसता तर कुणाला सांगितलं असतं तुमी? आन् दारात आले तर येऊ द्या. काम तुमचंच हाय ना?"
तिच्यापुढे मी नेहमीच लहान पडतो.

९ ऑक्टोबर
माजलगावचा एक जण जीप घेऊनच आला. म्हणाला, तसाच दांडा करा, होईपर्यंत बसतो. नाही म्हणालो. रागावला. सौ.कडे बघितलं, तिने मान डोलावली, म्हणून मग केला. एकेका सांध्यावरून दोनदा, तीनदा रॉड फिरवला. ग्राइंडरने घासून बघितलं, परत फिरवला. तो म्हणाला, "आओ बास, दांडा हाय का किल्ला?" रंग मारू दिला नाही. म्हणालो, उघडाच न्या, स्वतःच्या डोळ्यांनी बघत जा.
दुपारी तो सांधा आठवायचा पुन्हा प्रयत्न केला. आता तर दोन्ही आठवतं. केला हेही, नाही केला हेही. मन हवं ते दाखवायला लागलंय. अशा आठवणीवर कुणाची गाडी घाट उतरवायची?

१० ऑक्टोबर, शुक्रवार
दुपारी अनोळखी नंबर. उचलला.
"दिंद्रुडचे वेल्डिंगवाले का? तुमचा दांडा हाय माज्याकडं. चार दिवसांमागं फोन पाण्यात पडलता, आज दुकानातनं आणला. दांडा द्यायला तिकडंच यायलोय."
मी म्हणालो कुठे आहात.
"धारूरच्या पुढं. घाटाच्या तोंडाला. जीप लावलीय मागं, तिचं काम तेलगावात करायचंय, म्हटलं एका खेपंत दोनी व्हतंय."
जीपमध्ये कुणी आहे का.
"पोराला बसवलंय की. ब्रेकवर पाय ठेवाय."
म्हणालो, थांबा. तिथेच थांबा. सोडा गाडी. मी येतो.
"कावून?"
आणि मी म्हणालो, जरा बघायचं होतं मला ते. बघायचं होतं! तो हसला. म्हणाला, "बघा की, खाली आल्यावर निवांत बघा. उतरलो की फोन करतो." तेव्हा कुठे माझ्या तोंडातून निघालं. वेल्डिंग कच्चं आहे, टाक्यावर आहे, माझी चूक आहे. ओरडून म्हणालो. रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. कानाला फोन होता, पण त्यात कुणी नव्हतं. माझ्या आधीच बंद झाला होता.
लावतोय. लागत नाही. एकदा वाजला, मग तेही नाही. महेश मघाच जीप घेऊन घाटाकडे सुटलाय, त्या जीपने कधी पोचणार. प्राजक्ताचा फोन आला, महेशने सांगितलं असणार, म्हणते, "पप्पा, मी पण त्याच दांड्यावर गेले ना? काय झालं? न्हाई ना झालं?" तिला काय सांगू.
सौ. म्हणते, घाट उतरायला एवढा वेळ लागत नाही, पण जीप मागे असली तर लागतो. आणि चहाला पण थांबतात माणसं. हो, थांबतात. मीही थांबलो असतो.
घड्याळाकडे बघत नाही आता. दोन ओळी लिहिल्या की फोनकडे बघतो. हात चालू राहिला तर बरं, म्हणून लिहितोय.
सौ.ने मोटारसायकलची किल्ली आणून वहीवर ठेवली. मी निघतो. घाटाच्या पायथ्याशी जाऊन उभा राहतो, वरून काय येतं ते बघायला.